मोइराचे दहा जन्म

मार्व्हल कॉमिक्सच्या एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टीमवर जीव असलेल्या वाचकाची २०१९ उजाडेपर्यंत चांगलीच दमछाक झाली होती. २००५च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये वांडा नावाच्या जादूगारणीनं एक वाक्य उच्चारलं आणि लाखो म्यूटंटांच्या, म्हणजे एक्स-मेनसारख्या जन्मतःच विलक्षण शक्ती असलेल्यांच्या, शक्ती गेल्या, जगभरात उरले जेमतेम दोनशे. तिथून पुढची जवळपास प्रत्येक मोठी कथा त्या उरलेल्यांच्या मुळावर उठलेली. कधी टेरिजन नावाच्या विषारी ढगानं ते आजारी पडतायत, कधी आपापसातच लढून मरतायत. सिनेमाचे हक्क फॉक्सकडे असल्यामुळे मार्व्हल या टीमला मुद्दाम मागे ठेवतंय, असं वाचक उघड बोलायचे. त्यात तथ्य किती ते बाजूला ठेवू, पण वाचताना ही मंडळी स्वतःच्याच गोष्टीत उपरी झाल्यासारखी वाटायची हे खरं. मी वाचणं सोडलं नव्हतं. नवा अंक आला की उघडायचे, वाचून संपवायचे, आणि त्याबद्दल कुणाशी बोलावंसं मात्र वाटायचं नाही.

मार्च २०१९मध्ये फॉक्सचा सिनेमाचा कारभार डिस्नेकडे गेला आणि त्याच महिन्यात जोनाथन हिकमन एक्स-मेन लिहिणार अशी घोषणा झाली. हिकमननं आधी 'फॅन्टास्टिक फोर' आणि 'अ‍ॅव्हेंजर्स' वर्षानुवर्षं लिहिलं होतं. २०१५च्या 'सीक्रेट वॉर्स'मध्ये त्यानं अख्खं मार्व्हल विश्व मोडून पुन्हा उभं केलं होतं. दूरवरचा विचार करून बसलेला, तक्ते आणि आकृत्यांतून गोष्ट सांगणारा लेखक. त्याच्यासाठी एक्स-मेनच्या बाकीच्या मालिका गुंडाळण्यात आल्या. आता दोनच मालिका येणार होत्या, 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स', प्रत्येकी सहा अंकांच्या, एकमेकींत गुंफलेल्या. बारा आठवडे, दर बुधवारी एक अंक.

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, न्यू जर्सीत राहतो. कॉमिक्सचं वेड मला लागलं ते त्याच्यामुळे. शाळेत असताना तो मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून जुने अंक उचलून आणायचा, गॉथम कॉमिक्सनं भारतात छापलेले स्वस्तातले अंकही पहिल्यांदा त्याच्याकडेच पाहिले. तिकडच्या दुकानदाराकडे त्याची यादी दिलेली असते, बुधवारी त्याचे अंक वेगळे काढून ठेवलेले असतात, आणि ऑफिस सुटलं की तो जाऊन घेतो. मी ठाण्यात टॅबलेटवर वाचते. घड्याळाच्या फरकामुळे कधी मी पुढे असते, कधी तो. दोघांचं वाचून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, हा आमचा जुना नियम.

पहिला अंक २४ जुलैला आला. क्राकोआ नावाचं जिवंत बेट आता म्यूटंटांचा देश झालेलं. हे बेट जुनंच. १९७५च्या 'जायंट-साइझ एक्स-मेन'मध्ये त्यानं मूळ टीमला पकडून ठेवलं होतं आणि तिला सोडवायला स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलॉसस, वुल्व्हरिन अशी नवी टीम जमवावी लागली होती. ज्या शत्रूमुळे आपले एक्स-मेन जन्मले त्याच्याच अंगाखांद्यावर आता त्यांची पोरं खेळतायत, ही कल्पनाच मला फार आवडली. बेटावरच्या फुलांपासून तीन औषधं बनतात. एक माणसाचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवतं, एक सगळ्या जंतूंवर चालतं, एक मनाचे आजार रोखतं. एक्स-मेनचा संस्थापक प्रोफेसर झेवियर जगाला सांगतो, औषधं घ्या, आमच्या देशाला मान्यता द्या. आणि जेरुसलेममधल्या वकिलातीत त्याचा एकेकाळचा शत्रू मॅग्नेटो निरनिराळ्या देशांच्या राजदूतांना फिरवून शेवटी बजावतो की तुमचे देव आता बदललेत.

हे वाचून मी खूश होते आणि धास्तावलेलीही. झेवियर ओळखीचा वाटेना. डोक्यावर सेरेब्रो या म्यूटंट शोधणाऱ्या यंत्राचं शिरस्त्राण, डोळे झाकलेले, दिसतं ते फक्त ओठांवरचं हसू. एक्स-मेनचा म्होरक्या सायक्लॉप्स फॅन्टास्टिक फोरशी बोलतो तेव्हा अदबीनं बोलतो, पण जाता जाता त्यांच्यातल्या रीड आणि सू या नवरा-बायकोला त्यांच्याच मुलाबद्दल सांगतो की तिकडे बेटावर त्याचं कुटुंब वाट बघतंय. तो सायक्लॉप्स मी कधी पाहिला नव्हता. दादाचं मत पडलं की हा खरा झेवियर नव्हेच. पुढच्या आठवड्यात 'पॉवर्स ऑफ एक्स'चा पहिला अंक आला. त्यात चार काळ होते, पहिलं वर्ष, दहावं, शंभरावं आणि हजारावं. पहिल्या वर्षात तरुण झेवियर जत्रेतल्या एका बाकावर बसलाय, आणि एक बाई येऊन त्याच्याशी अशी बोलू लागते जणू ती त्याला आयुष्यभर ओळखते. ती मोइरा मॅक्टॅगर्ट होती. ही इथे काय करतेय, एवढा एकच प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि खरं सांगते, तोही फार काळ नाही. मोइरा म्हणजे आम्हा सगळ्यांच्या लेखी शास्त्रज्ञ बाई. मुइर बेटावरची प्रयोगशाळा सांभाळणारी, झेवियरची जुनी मैत्रीण, कुणी जखमी झालं की जिच्याकडे न्यायचं ती. माणूस, म्यूटंट नव्हे. २००१मध्ये मेलेली.

मग ७ ऑगस्ट आला, आणि 'हाउस ऑफ एक्स'चा दुसरा अंक.

त्या अंकात टीम जवळजवळ नाहीच. लढाया आहेत पण एकेका पानापुरत्या. पूर्ण अंक मोइराचं चरित्र सांगतो, आणि ते एका चरित्रात मावत नाही. पहिल्या आयुष्यात ती साधी बाई आहे. तेराव्या वर्षी तापानं फणफणते, वाचते, लग्न करते, पोरंबाळं होतात, म्हातारी होऊन मरते. मोजक्या पानांत सरळ, सुखी आयुष्य संपतं आणि मला कळेना की हे आपण का वाचतोय. पान उलटलं तर ती पुन्हा जन्माला आलेली. तीच आई, तेच घर, तेच साल, आणि पोटात असल्यापासून मागचं सगळं तिला लख्ख आठवतंय. आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाला इथे अभिमन्यू आठवेल. पण अभिमन्यूनं पोटात जे ऐकलं ते दुसऱ्या कुणाचं बोलणं होतं, आणि अर्धवट होतं. हिच्याकडे स्वतःचं एक अख्खं जगून झालेलं आयुष्य आहे आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. पुनर्जन्म म्हटलं की आपल्याला नवं शरीर, नवं घर, नवी नाती डोळ्यासमोर येतात, आणि आठवण पुसली जाते हीच त्यातली दया असते. मोइराला ती दया नाही.

मोइरा म्यूटंट आहे. मेली की पहिल्यापासून सुरू, हीच तिची शक्ती. बाहेरून बघणाऱ्याला ती कधीच दिसू शकणार नाही, कारण ती कळायची तर आधी तिनं मरायला हवं. हे वाक्य मी वाचलं तेव्हा टॅबलेट मांडीवर ठेवून उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत आले. चव्वेचाळीस वर्षं जे पात्र कथेच्या कडेला उभं होतं त्याच्याबद्दल हे सांगितलं जात होतं, आणि ते खोटं वाटत नव्हतं.

दुसऱ्या आयुष्यात टीव्हीवर झेवियरला बघून ती त्याला भेटायला निघते आणि विमान अपघातात मरते. तिसऱ्यात भेटते, तर तो तिला गर्विष्ठ वाटतो. आपलं हे असणं म्हणजे रोग आहे अशी तिची खात्री होते आणि ती त्यावर इलाज शोधायला घेते. म्यूटंटपण घालवणारं औषध. ते सापडतंही. आणि मग मिस्टिक, पायरो आणि डेस्टिनी हे म्यूटंट खलनायक तिच्या प्रयोगशाळेत येतात.

या प्रसंगासाठी हा अंक लिहिलाय असं माझं मत आहे. डेस्टिनी आंधळी आहे आणि तिला भविष्य दिसतं. तिच्या चेहऱ्यावर सोनेरी मुखवटा असतो, ज्याला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. चित्रकार पेपे लाराझनं तो मुखवटा मोइराच्या इतका जवळ आणलाय की दोघींमध्ये श्वासाचंही अंतर उरत नाही. मोइराच्या चेहऱ्यावर भीती, राग, हिशेब सगळं दिसतं, आणि समोर काहीच नाही, गुळगुळीत धातू. ज्या बाईला सगळ्यांच्या पुढचं माहीत आहे तिला पहिल्यांदाच अशी कुणीतरी भेटते जिला हिच्या पुढचं माहीत आहे. डेस्टिनी शांतपणे सांगते की तुला दहा आयुष्यं आहेत, शेवटी योग्य ते निवडलंस तर कदाचित अकरावं. पुन्हा हा इलाज शोधायला गेलीस तर मला कळेल आणि मी येईन. शक्ती जागी होण्याआधी, तेराव्या वर्षाआधी तुला मारलं तर परतीची वाट नाही, तेही लक्षात ठेव. आणि हे सगळं नीट लक्षात राहावं म्हणून पायरोनं तिला जाळायचं ते सावकाश. मार्टे ग्रासियाचे रंग इतका वेळ संयत असतात, इथे मात्र केशरी जाळ पान खाऊन टाकतो.

मी हे पान पुढे न नेता तिथेच थांबले. सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये मरण फार स्वस्त असतं, मरून परत येणाऱ्या जीन ग्रेचंच उदाहरण घ्या. इथे पहिल्यांदा मरण म्हणजे शिक्षण झालं होतं. वेदना तिच्याबरोबर पुढच्या आयुष्यात जाणार, जन्मल्या क्षणापासून ती जळलेली असणार. खलनायिकेनं दिलेली धमकी असूनही डेस्टिनीचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. तिचे लोक जगावेत म्हणून ती हे करतेय. दोघीही बरोबर आहेत आणि एक दुसरीला जाळतेय, हे एका मासिक अंकात मांडायला धाडस लागतं.

त्यापुढची आयुष्यं झपाझप येतात. चौथ्यात ती झेवियरवर प्रेम करते, एक्स-मेन उभे राहतात, आपल्याला माहीत असलेली गोष्ट घडते आणि सेंटिनेल, म्हणजे म्यूटंटांना मारायला बनवलेले यंत्रमानव, सगळ्यांना मारतात. पाचव्यात म्यूटंटांची वेगळी वसाहत, शेवट तोच. सातव्यात ती सेंटिनेल बनवणारं ट्रास्क घराणंच संपवायला निघते, आणि तिच्या लक्षात येतं की ट्रास्क नसले तरी ती यंत्रं येतातच, कुणा ना कुणाच्या हातून. आठव्यात साथ मॅग्नेटोची, नवव्यात अपोकॅलिप्स या जुन्या खलनायकाची. सगळ्या बाजूंनी लढून झालं, सगळीकडे हार. मग दहावं, म्हणजे आपण १९६३पासून वाचत आलो ते. त्यात ती जत्रेतल्या त्या बाकापाशी जाते.

सहाव्या आयुष्याचा उल्लेख मी मुद्दाम टाळलेला नाही. अंकातच ते नव्हतं.

डिझायनर टॉम म्युलरनं या अंकासाठी एक तक्ता केलाय. मोइराचं एकेक आयुष्य म्हणजे एकेक आडवी रेघ, तिच्यावर वयाचे टप्पे, महत्त्वाच्या घटना, आणि रेघ जिथे तुटते तिथे मरण. मी टॅबलेटवर चौकटीमागून चौकट दाखवणारी सोय लावून वाचते. गोष्टीच्या पानांना ती उत्तम, तक्त्याची मात्र ती चिरफाड करते. तुकडे दिसतात, मेळ लागत नाही. मी पूर्ण पान लावून बोटांनी मोठं करत बसले, वहीत रेघा ओढून उतरवून घेतला, आणि उतरवतानाच पाचनंतर थेट सात आल्याचं लक्षात आलं.

रात्री उशिरा दादाचा फोन आला. तो कारमध्येच वाचत बसला होता, घरी गेलाच नव्हता.

"अगं, तक्ता पाहिलास?"

"सहा कुठेय?"

"तेच म्हणतोय मी. पूर्ण उघडून डॅशबोर्डवर पसरलाय. नाहीच आहे. छपाईत चुकले असतील का?"

"दादा, हिकमन आहे तो. चुकत नाही असल्या बाबतीत."

"मग शंभर वर्षांनंतरचं जे दाखवतायत ते कुठल्या आयुष्यातलं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. 'पॉवर्स ऑफ एक्स'मधला शंभराव्या वर्षाचा काळ आम्ही दोघंही आपल्याच जगाचं भविष्य समजून वाचत होतो. आता दहा जगं होती आणि तो काळ त्यांतल्या कुठल्याही जगाचा असू शकत होता. आधीचे दोन्ही अंक बदलून गेले. एक्स-मेनची भविष्यं आम्ही ढीगभर पाहिलीत, १९८१च्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'पासून. ती टाळायची असतात. इथे मात्र ती होऊन गेलेली होती, आणि कुणाला तरी आठवत होती. अंकाच्या शेवटी पुढच्या अंकांची जी यादी छापतात तिच्यात हा अंक लाल रंगात होता. तो रंग आधीच्या दोन्ही आठवड्यांत आम्ही पाहिला होता आणि सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून माझं जुनं वाचन सुरू झालं. नवा अंक आवडला म्हणजे काय, हे मला नेहमी जुन्या अंकांकडे गेल्यावर कळतं. मागचं बदलून टाकणारी कथा लिहिणं सोपं असतं. ती जुन्या पानांवर ठेवून बघितली की पुष्कळदा फाटते. म्हणून मी मोइराचा माग काढत गेले.

ती पहिल्यांदा येते १९७५च्या 'एक्स-मेन'च्या ९६व्या अंकात, क्रिस क्लेअरमाँट आणि डेव्ह कॉक्रम यांच्या. आणि येते ती झेवियरच्या वाड्यावर घर सांभाळायला ठेवलेली बाई म्हणून! थोड्याच पानांत राक्षस घुसतो तेव्हा हीच बाई बंदूक उचलून त्याच्यावर गोळ्या झाडते. त्या काळी ती गंमत होती. पुढे ती मोठी शास्त्रज्ञ निघाली तेव्हा आधीचं घरकाम जरा विसंगत वाटायचं. आता वाचलं तर कुठेच अडखळायला होत नाही. नऊ आयुष्यं लढून आलेली बाई, नाव मागे ठेवून घरात शिरलेली, आणि राक्षस बघून न बिचकणारी. क्लेअरमाँटच्या डोक्यात यातलं काही नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. तरी ते पान हे ओझं पेलतं.

मग १९७९मधली प्रोटियसची कथा, जॉन बर्नच्या चित्रांची. प्रोटियस म्हणजे मोइराचा मुलगा केव्हिन, वास्तव हवं तसं वाकवणारा, माणसांची शरीरं वापरून टाकणारा. त्याला मारायला आईच बंदूक घेऊन निघते. आधी वाचताना मला तिथे एका आईचा सगळ्यात वाईट दिवस दिसायचा. या वेळी प्रश्न पडला की या बाईनं हे मूल आधीच्या कुठल्या आयुष्यात पाहिलं असेल का, आणि पाहूनही पुन्हा होऊ दिलं असेल का. ऑक्टोबरमध्ये शेवटच्या अंकात मोइराच्या रोजनिशीची पानं आली आणि त्यांनी हा प्रश्न फार कठोरपणे सोडवला. तिला त्या मुलाची शक्ती हवी होती. ते वाचून मला तिचा राग आला, आणि राग येण्याइतकी ती माझ्यासाठी खरी झाली होती.

पण ज्यानं मी ताडकन उठून बसले ते १९९०च्या दशकातल्या अंकांत होतं. त्या काळात लेगसी व्हायरस नावाचा रोग म्यूटंटांना मारत सुटला होता. तो फक्त म्यूटंटांना होतो, हीच त्याची ओळख. कोलॉससची धाकटी बहीण इलियाना त्यानंच गेली. आणि मग तो एका माणसाला झाला, पहिल्याच माणसाला, मोइरा मॅक्टॅगर्टला. तेव्हा त्याचा अर्थ लावला गेला तो असा की विषाणू बदलला, आता माणसंही सुरक्षित नाहीत. पंचवीसेक वर्षं हा खुलासा सगळ्यांनी मान्य केलेला. 'हाउस ऑफ एक्स'चा दुसरा अंक वाचून या पानापाशी आलं की खुलाशाची गरजच उरत नाही. फक्त म्यूटंटांना होणारा रोग तिला झाला कारण ती म्यूटंट होती. पुरावा छापलेला होता, सगळ्यांच्या कपाटात पडून होता.

आणि तिचं मरण. २००१मध्ये 'एक्स-मेन'च्या १०८व्या अंकात मुइर बेटावरच्या हल्ल्यानंतर ती मरते. लेगसी व्हायरसवरचा इलाज तिच्या हाताशी आलेला असतो आणि प्रयोगशाळेवर हल्ला करणारी असते मिस्टिक. म्हणजे मोइरा इलाज शोधते आणि मिस्टिक दारात येते, हे तिसऱ्या आयुष्यातलं दृश्य मार्व्हलनं अठरा वर्षं आधीच एकदा छापलं होतं. फक्त त्या वेळी तो इलाज म्यूटंटांना वाचवणारा होता. हिकमननं हा धागा ओळखून तिसरं आयुष्य लिहिलं की नाही यावर दादाचं नि माझं एकमत झालेलं नाही. मला वाटतं, ओळखूनच. मिस्टिक आणि डेस्टिनी त्या पानावर दोघी उभ्या आहेत त्या उगाच नाहीत.

इथून पुढे दर बुधवार वेगळाच झाला. अंक एकदा गोष्टीसाठी वाचायचा, मग चित्रांसाठी, मग तक्ते आणि मजकुराची पानं सावकाश. क्राकोआची स्वतःची लिपी होती, चिन्हांची, एकेक चिन्ह एकेका रोमन अक्षराचं; ती उलगडून वाचायची. 'हाउस ऑफ एक्स'च्या चौथ्या अंकात सूर्याजवळच्या अंतराळ केंद्रावर गेलेली आख्खी टीम मेली. नाइटक्रॉलर आणि वुल्व्हरिन सूर्याच्या धगीत जातात ती पानं फार अवघड होती. पण त्या वेळी मी रडवेली झाले नाही, वही उघडली. मरण म्हणजे शेवट नाही हे या मालिकेनं दुसऱ्याच अंकात सांगून ठेवलं होतं, तेव्हा आता हे मरण कशासाठी, हाच प्रश्न. पाचव्या अंकात उत्तर आलं: पाच म्यूटंट मिळून मेलेल्यांना परत आणतात, आणि त्या पाचांतला एक प्रोटियस. स्टॉर्म सगळ्यांसमोर उभी राहून परत आलेल्या एकेकाला आपला म्हणून पुकारते. कुणाला कदाचित ते दृश्य भीतिदायक, एखाद्या पंथासारखं वाटेल, दादाला वाटलंच. मला जिनोशा हा म्यूटंटांचा देश आठवला, २००१मध्ये एका अंकात मेलेले एक कोटी साठ लाख म्यूटंट, आणि मी ते पान पुन्हा पुन्हा काढून बघितलं.

सहावं आयुष्य ९ ऑक्टोबरला, 'पॉवर्स ऑफ एक्स'च्या शेवटच्या अंकात उघडलं. हजाराव्या वर्षाचा तो विचित्र काळ त्याच आयुष्यातला होता. मोइराला तिथे कळलेलं असतं की म्यूटंटांचे खरे शत्रू सेंटिनेल नव्हेतच, तर यंत्रांशी जोडून घेऊन स्वतःला बदलत जाणारी माणसंच. दोन महिने ज्या रिकाम्या जागेवर आम्ही वाद घातले ती जागा भरली, आणि भरल्यावरही छान वाटली. असं फार कमी वेळा होतं.

यानंतरचं मात्र मला लिहायलाच हवं, कारण त्या बुधवारच्या आनंदात तेही मिसळलेलं आहे. २०२१च्या शेवटी 'इन्फर्नो' ही चार अंकांची मालिका आली. मिस्टिक आणि परत आलेली डेस्टिनी मोइराला गाठतात आणि तिची शक्ती काढून घेतात. म्हणजे आता अकरावं आयुष्य नाहीच. मोइरा मनातून अजूनही इलाजाच्याच मागे होती असं तिथे उघड होतं. हिकमन तिथून बाजूला झाला. पुढच्या लेखकांनी मोइराला यंत्राच्या शरीरात घातलं, सूडानं पेटलेली शत्रू केलं, आणि क्राकोआचा काळ जून २०२४मध्ये संपेपर्यंत ती तशीच वापरली गेली.

दादाचं म्हणणं, यात गैर काय, तिसऱ्या आयुष्यातच ती इलाज करणारी होती, वर्तुळ पूर्ण झालं. मला हे अजिबात पटत नाही. त्या अंकात डेस्टिनी तिला जाळते ती ती बदलावी म्हणून, आणि मोइरा बदलते. चौथ्यात ती प्रेम करते, पाचव्यात वसाहत बांधते, सातव्यात हातात शस्त्र घेते, आठव्या-नवव्यात ज्यांच्या सावलीलाही उभं राहू नये त्यांच्याबरोबर लढते. दर वेळी आपल्या लोकांच्या बाजूनं, दर वेळी हरून. ती थकलेली असणं मला मान्य आहे, निराश असणं मान्य आहे, शेवटी तिनं सगळ्यांचा विश्वासघात केला हेही 'इन्फर्नो'पुरतं मी मान्य करते, कारण तिथे तिच्या तोंडी बाजू मांडायला शब्द दिलेत. पण यंत्राच्या हातांनी नुसते गळे आवळणारी मोइरा मला मान्य नाही. नऊ आयुष्यांची आठवण असलेल्या बाईला एकही विचार न देता वापरून टाकलं.

कुणी विचारलं की एक्स-मेन कुठून वाचायला सुरुवात करू, तर मी या बारा अंकांपासूनच सांगते, आले त्याच क्रमानं, दोन्ही मालिका वेगळ्या न करता. 'हाउस ऑफ एक्स'च्या दुसऱ्या अंकानंतर थांबायला सांगते. तक्ता समोर ठेवा, सहाव्या रेघेचा विचार करा, आणि जमलं तर पुढचा अंक उघडायच्या आधी १९७५चा तो ९६वा अंक मिळवून मोइराला बंदूक उचलताना बघून घ्या.